बुवा आणि दोन डब्या

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

'सोमवारी सकाळी अकरा वाजता दुकानाची आतून तपासणी केली असता' असं तुमच्या खात्याच्या कागदावर, तुमच्या गोल शिक्क्याच्या बरोबर वर लिहिलंय. सोमवारी ते दुकान बंद असतं. गेली एकतीस वर्षं बंद असतं. दारावर तशी पाटी आहे, पाटीवरची अक्षरं वीतभर उंच आहेत, आणि ज्याला लिहिता येतं त्याला वाचताही येत असावं असा आपला एक भाबडा समज. तुम्ही फुटपाथवर उभे राहिलात, काचेला नाक लावलंत, आत पेटीत काहीतरी हललेलं बघितलंत आणि उभ्या उभ्या लिहून टाकलंत: 'सरपटणारा वन्य प्राणी, बहुधा विषारी. ग्राहकांच्या आरोग्यास धोका. सात दिवसांत हलवावा, अन्यथा परवाना रद्द.'

बहुधा! एका शब्दात नऊ वर्षांचं बिऱ्हाड उठवलंत.

तो 'बहुधा विषारी' कोण होता, ते आता ऐका. वेळ नाही म्हणू नका. खोटं लिहायला होता, तर ऐकायलाही काढा.

ते दुकान म्हणजे दोन खुर्च्यांचं सलून. एका खुर्चीमागे मालक उभे राहतात, दुसरीमागे त्यांची लेक. मालकांना सगळी गल्ली मालकच म्हणते, आणि त्यांच्या बायकोला काकू. आणि या दोन खुर्च्यांच्या पलीकडे, दर्शनी काचेपाशी, एका मोठ्या काचेच्या पेटीत बुवा राहायचे.

बुवा म्हणजे सरडा. दाढीवाला सरडा, ती जातच तशी. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, अंगावर काटे, पण हात फिरवला तर जुन्या ब्रशासारखे मऊ. गळ्याखाली काट्यांची झालर. राग आला की ती झालर फुगायची आणि काळीकुट्ट व्हायची. लेक शाळेत असताना तिच्या मैत्रिणीचं घर बदललं, नव्या घरात जागा नव्हती, आणि लेक एक दिवस दप्तराऐवजी खोका घेऊन दुकानात आली. 'दोनच दिवस हं बाबा,' म्हणाली. मालकांनी खोक्यात डोकावून बघितलं. आतून एका दाढीवाल्यानं त्यांच्याकडे तितक्याच संशयानं बघितलं. 'हे बुवा कोण?' मालकांनी विचारलं. झालं. नाव पडलं, आणि दोन दिवसांची नऊ वर्षं झाली.

सलूनमध्ये दाढीवाला म्हटल्यावर गिऱ्हाइकांच्या जिभेला काय, कुरणच मिळालं. त्यात मास्तर सगळ्यांच्या पुढे. शाळेतून रिटायर झालेले, एक दिवसाआड दाढीला येणारे, पेपर फुकट वाचून तो चुरगाळून ठेवणारे.

'काय मालक, बुवांची दाढी कधी करणार?'

'बुवांचा नंबर तुमच्यानंतर. पण तुम्ही खुर्चीवरून उठाल तर ना.'

आणि बुवांची दाढी काळी झाली की मास्तर आरशात आपल्या मिशीकडे बघून सुस्कारा सोडायचे, 'आम्हाला पण असा राग यायला हवा होता. कलप लावायची कटकट तरी मिटली असती.'

बुवा आयतं बसून खात नव्हते हो. त्यांच्याकडे काम होतं. पहिल्यांदा केस कापायला आलेलं पोर खुर्चीत बसवलं की भोंगा सुरू करतं, मान गरागरा फिरवतं, कात्री बघून आईच्या अंगावर उडी मारतं. लेक अशा पोराची खुर्ची सरळ पेटीकडे फिरवायची. बुवा पोराकडे बघायचे, मग पुढचा एक पंजा उचलायचे आणि हवेत सावकाश गोल फिरवून खाली ठेवायचे. त्या जातीची ती सवयच. पोराचा भोंगा बंद. तोंड उघडं. बुवांचा पंजा तिसऱ्यांदा खाली येईपर्यंत मागची बाजू कापून झालेली असायची. नऊ वर्षांत या भागातल्या किती पोरांच्या माना बुवांनी स्थिर धरल्या, ते तुमच्या कागदावर कुठे आहे, साहेब? 'ग्राहकांच्या आरोग्यास धोका' म्हणे!

तुमची नोटीस मंगळवारी सकाळी दाराखाली सापडली. लेकीनं वाचली आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

'बाबा, मी आत्ता जाते त्या खात्यात. एकच विचारते. सोमवारी आत आला कसा?'

'जाऊ दे,' मालक म्हणाले.

'काय जाऊ दे? धडधडीत खोटं आहे!'

'परवान्याचा प्रश्न आहे, बाई. राहतील बुवा चार दिवस घरी. त्यांना कुठे हवापालट मिळतो नाहीतरी.'

लेकीनं कात्री अशी आपटून ठेवली की आरसा हलला. मालकांनी ऐकूनही ऐकलं नाही. माणूस भित्रा नाही, पण एकतीस वर्षं लोकांच्या गळ्याशी काम केलेला. आवाज चढवायची सवयच गेलेली.

रविवारी दुकान बंद झाल्यावर बुवांचं सामान हललं. पेटी, दिवा, ज्यावर ते पोट टेकून ऊन खायचे तो दगड, अळ्यांची बरणी आणि स्टीलची एक डबी. ही डबी लक्षात ठेवा. बुवांना मुख्य जेवण पाल्याचं, पण बुधवारी आणि रविवारी अळ्या असायच्या, आणि अळ्यांवर एक चिमूट पांढरी पूड टाकायची असते. हाडांना लागते ती. निघायच्या आधी लेकीनं त्या डबीत ताजी पूड भरली आणि कंगव्याच्या पाठीनं सपाट केली.

अगदी तशीच दुसरी डबी मालकांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असायची. एकाच दुकानातून घेतलेली जोडी. त्या डबीत गिऱ्हाइकाच्या मानेला लावायची पावडर, गुलाबाच्या वासाची. मालक पफ वापरत नाहीत. डबीत दोन बोटं घालायची, चिमूट तळहातावर घ्यायची आणि मानेवरून हात फिरवायचा. दुकानात या दोन डब्यांची कधी गाठच पडली नव्हती. एक खिशात, एक पेटीपाशी. हात न बघता जायचा आणि बरोबर जायचा.

घरी काकूंनी बुवांचं स्वागत केलं, पण अटीवर.

'बुवा राहू देत. पाहुणा माणूस आहे. पण ती तुमची बरणी माझ्या स्वयंपाकघरात आली तर मी माहेरी.'

'माहेरी आता कोण आहे तुझं?'

'कोणी नसलं तरी जाईन!'

काकूंची तक्रार खोटी नव्हती. काही वर्षांपूर्वी सुट्टीत ती बरणी चार दिवस घरी होती, तेव्हा कणीक मळता मळता त्यांच्या हाताला एक अळी लागली होती. तेव्हापासून काकूंनी नियमच केला: अळ्या घरात आल्या की किती बाहेर काढल्या ते सांगायचं, आणि वाटीत किती उरल्या ते काकू मोजणार. हिशेब जुळल्याशिवाय त्या पिठाच्या डब्याला हात लावणार नाहीत.

बुवा घरी रमले की नाही, ते कुणाला कळणार? पेटी बैठकीच्या कपाटावर ठेवली होती. तिथून रस्ता दिसत नव्हता, पोरं दिसत नव्हती. बुवा दगडावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मंगळवारी एकदा त्यांनी पंजा उचलून हलवला. काकूंनी आजूबाजूला कुणी नाही हे बघून उलट हात हलवला.

बुधवारी संध्याकाळी मालक दुकानातून थेट घरी आले नाहीत. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक अंथरुणाला खिळलेलं आहे, त्याची दाढी करायला दर बुधवारी ते त्याच्या घरी जातात. तिथून आले तेव्हा नाक चोंदलेलं, सर्दीनं डोकं जड. खिशातलं सामान काढून त्यांनी पेटीवर ठेवलं. वाटीत नऊ अळ्या काढल्या, 'नऊ गं!' म्हणून ओरडून सांगितलं, डबी उचलली, चिमूट टाकली, वाटी पेटीत ठेवली, आणि काढा पिऊन झोपले.

गुरुवारी सकाळी बुवा दगडावर पालथे होते.

मालकांना आधी वाटलं, झोपलेत. दिवा लागून अर्धा तास झाला होता, अशा वेळी बुवा एक डोळा उघडून 'पाला कुठे?' अशा नजरेनं बघायचे. डोळा उघडला नाही. मालकांनी त्यांना उचललं आणि बुवांची मान बोटांवरून खाली घसरली. एकतीस वर्षं माणसांच्या माना हातात घेतलेला हा माणूस. जिवंत मान झोपेत असली तरी हाताला कशी लागते, ते त्यांच्या बोटांना पाठ आहे. ही तशी नव्हती. आणि दाढी काळी होती. पूर्ण काळी.

'अगं,' त्यांनी हाक मारली. 'अगं.'

काकू आल्या, त्यांनी बघितलं, आणि पदराऐवजी हातातलं फडकंच डोळ्यांना लावलं. मग त्या कपाटाकडे गेल्या आणि सलूनसाठी आणलेल्या नव्या टॉवेलांतला एक काढला. न वापरलेला, जाड.

बुवांना दुकानाच्या दारापाशी पुरलं. दाराबाहेर सिमेंटची एक मोठी कुंडी आहे, तिच्यात कसलंसं काटेरी झाड आहे, जे कधी वाढत नाही आणि कधी मरत नाही. माती खणली लेकीनं. रडली मोठमोठ्यानं, रस्त्यावरचे लोक बघतायत याची फिकीर न करता, आणि रडता रडताच टेप काढून उंबऱ्यापासून कुंडीपर्यंतचं अंतर मोजलं.

'अकरा इंच,' नाक पुसत ती म्हणाली. 'दुकानाच्या बाहेर आहेत. सांगा त्या खात्याला.'

मालक रडले नाहीत. त्यांनी नऊ वाजता दुकान उघडलं, कारण नऊ वाजता दुकान उघडायचं असतं. दर्शनी काचेपाशी पेटीच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता. तो त्यांनी पुसला नाही.

मास्तर आले. त्यांना लेकीनं हळूच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी तोंड बंद ठेवलं. असं कधी होत नाही. मालकांनी दाढी केली, तुरटी फिरवली, खिशातून डबी काढली, झाकण उघडलं. आत पूड सपाट होती. कंगव्याच्या पाठीनं केल्यासारखी. डोक्यात दुसरंच काही चाललेलं, म्हणून त्यांनी तशीच चिमूट घेतली आणि मानेवर लावली.

'आज पावडरीला वास नाही वाटतं,' मास्तर म्हणाले.

मालकांचा हात मानेवरच थांबला.

वास नाही, कारण ती पावडर नव्हती. ती बुवांची पूड होती. सकाळच्या गडबडीत पेटीवरची चुकीची डबी खिशात आली होती. ते एक वेळ ठीक. मास्तरांच्या मानेला चुना लागून मास्तर काही दगावणार नव्हते. पण पूड सपाट होती. काल संध्याकाळी यातून चिमूट घेतली असती तर खळगा दिसला असता. म्हणजे काल चिमूट दुसऱ्या डबीतून गेली होती. म्हणजे बुवांच्या शेवटच्या जेवणावर त्यांनी स्वतःच्या हातानं गुलाबाच्या वासाची दाढीची पावडर टाकली होती.

नाक चोंदलेलं, म्हणून वास आला नाही. हात आपला आपण गेला, म्हणून डोळ्यांनी बघितलं नाही.

पुढचं गिऱ्हाईक बसलं. मालकांनी फेस लावला, वस्तरा उघडला, गिऱ्हाइकाची हनुवटी वर केली, आणि तसेच उभे राहिले. हात थरथरत नव्हता. थरथरला असता तर बरं झालं असतं, वय झालं म्हणून सोडून देता आलं असतं. हात अगदी स्थिर होता. कालही तो असाच स्थिर होता की!

'बाई, तू कर यांची,' ते लेकीला म्हणाले. 'मला जरा चक्कर आल्यासारखं होतंय.'

त्यानंतर चार दिवस मालकांनी फक्त कात्री चालवली. दाढीचं गिऱ्हाईक आलं की लेकीच्या खुर्चीकडे बोट. शनिवारी मास्तर मात्र ऐकेनात. बारा वर्षं मालकांच्याच हातची दाढी, पोरीसोरींकडून करून घेणार नाही म्हणाले. त्यावर लेक म्हणाली, 'पोरीसोरींकडून मार खाल, मास्तर,' पण ते हटले नाहीत.

'वस्तऱ्याला धार नाही,' मालक म्हणाले.

'मग लावा. मला काय गाडी पकडायचीय?'

'पट्टा सैल झालाय.'

'मग मी काय आता दाढी वाढवून त्या पेटीत बसू?'

बोलून गेल्यावर मास्तरांनी जीभ चावली. आणि मग मालकांच्या घशातून कसलातरी आवाज आला. हसू होतं ते. बुवा गेल्यापासून पहिलं. मास्तरांना इतकं हायसं वाटलं की मंगळवारी येतो म्हणून दाढी न करताच निघून गेले.

त्याच दुपारी मालक जनावरांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. बाईंनी एकदा बुवांचं मोडलेलं नख काढलं होतं, तेवढी ओळख. टेबलावर एक मांजर बसलेलं, त्याच्यासमोर मालकांनी सगळं सांगितलं. डब्या, सर्दी, चिमूट.

'वय काय होतं?' बाईंनी विचारलं.

'आमच्याकडे नऊ. त्याआधी दोन.'

'म्हणजे अकरा. म्हातारेच झाले होते हो तुमचे बुवा. या वयात हृदय असंच बंद पडतं, बसल्या जागी. कधी जागा बदलल्याचा ताण पण होतो. आता पुरल्यावर काय सांगणार? पण एका चिमटीनं कुणी मरत नाही.'

'दाढी काळी होती. रागावले होते.'

'मेल्यावर काळी पडतेच ती. राग नसतो तो.'

दाढीचं त्यांनी मानलं. ते शास्त्र होतं. चिमटीचं मानलं नाही. स्वतः मालक टक्कल पडलेल्या माणसाला आरसा दाखवताना 'कुठे हो, बरेच आहेत अजून' असं रोज म्हणतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं वाक्य त्यांना लगेच ओळखू येतं.

आणि आता नीट ऐका, साहेब, कारण इथे तुमचाही संबंध आहे. बाई म्हणाल्या, जागा बदलल्याचा ताण. दुसरा कुणी असता तर त्यानं तेवढं वाक्य धरलं असतं, सगळं तुमच्या माथी मारलं असतं आणि हात झटकले असते. सोपं होतं. लेक तर तेच म्हणत होती, 'त्या कागदानं मारलं बुवांना.' मालक म्हणाले, 'बहुधा.' आणि मग स्वतःच मान हलवून म्हणाले, 'नाही. बहुधावर मी सही करणार नाही.'

सोमवार उजाडला. दुकान बंद. घरात टॉवेलांचा ढीग, काकू घड्या घालत होत्या. मालक खिडकीशी बसून नुसते बघत होते.

'लेक सांगत होती, चार दिवस वस्तरा धरला नाहीत.'

'हं.'

'हं काय? मी विचारतेय.'

'तुला सांगून काय उपयोग?'

'बरं. मग ह्या टॉवेलाला सांगा. मी ऐकत नाही.'

मालकांनी टॉवेलाला सांगितलं. खाली मान घालून, पहिल्यापासून. दोन डब्या, चोंदलेलं नाक, मास्तरांची मान. शेवटी म्हणाले, 'जो हात न बघता जातो आणि असं करतो, तो मी कुणाच्या गळ्याला कसा लावू?'

काकू घडी घालायच्या थांबल्या होत्या.

'एवढ्यासाठी चार दिवस?'

'एवढ्यासाठी म्हणजे?'

'अहो, त्या अळ्या मीच उचलल्या ना! गुरुवारी तुम्ही कुंडीकडे गेलात, मी मागे वाटी धुवायला घेतली. आधी मोजल्या. मी मोजल्याशिवाय हात लावते का कशाला? नऊ होत्या. नऊच्या नऊ. वळवळत होत्या, आणि गुलाबाचा घमघमाट. लग्नाला निघाल्यासारख्या.'

मालक खिडकीपासून उठले.

'बुवांनी तोंडही लावलं नव्हतं त्यांना. जेवायच्या आधीच गेले ते.'

'नक्की नऊ?'

'माझ्या पिठाच्या डब्याचा प्रश्न होता. नक्की नसायला मी काय खात्यात नोकरीला आहे?'

'मग... तुला कळलं होतं, मी पावडर टाकली ते?'

'वासावरून कळलंच की.'

'आणि बोलली नाहीस?'

'म्हटलं, यांना कळलं नसेल तर कशाला सांगा. उगाच मनाला लावून घ्याल.' काकूंनी टॉवेल झटकला. 'आणि तुम्ही बोलला नाहीत, मी हसेन म्हणून. छान. एका घरात दोन शहाणे.'

मालकांनी तोंडावर हात ठेवला. काकूंना आधी वाटलं, हसतायत. मग बघितलं, तर रडत होते. गुरुवारचं रडणं सोमवारी आलं होतं. काकूंनी ढिगातला एक टॉवेल त्यांच्याकडे सरकवला, आणि ते शांत होईपर्यंत घड्या घालत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, 'एकदा मला हात केला होता त्यांनी. मंगळवारी.'

'मग तू काय केलंस?'

'मी पण केला. काय करणार? घरचं माणूस.'

त्या दिवशी संध्याकाळी मालकांनी तिसरी डबी विकत आणली. लाल, प्लॅस्टिकची, आंधळ्यालाही कळेल अशी. बुवांची पूड तिच्यात भरून ठेवली. आता ती कुणासाठी, असं काकूंनी विचारलं नाही.

मंगळवारी मास्तर आले, पाच दिवसांची पांढरी खुंटं घेऊन. मालकांनी पट्ट्यावर वस्तरा आठ वेळा फिरवला. हनुवटी वर केली. या वेळी हाताबरोबर डोळेही गेले. दाढी झाल्यावर मास्तरांनी गालावरून हात फिरवला, मग मान मालकांकडे केली.

'पावडर लावताय ना? हुंगून लावा.'

'हुंगली.'

'मग हरकत नाही. पण ती गुरुवारची बिनवासाची चांगली होती हो. मान दुखायची थांबली माझी.'

लेक कात्री ठेवून हसत सुटली. धुळीचा चौकोन त्या दिवशी मालकांनी पुसला आणि तिथे एक छोटं स्टूल ठेवलं. पहिल्यांदा केस कापायला आलेल्या पोराला आता लेक त्या स्टुलावर उभं करते, कुंडी दाखवते आणि तिथे कोण राहतं ते सांगते. पोर नाक काचेला लावून बघत राहतं. पंजा हलत नाही, पण मान मात्र अजून स्थिर राहते. काटेरी झाडाला यंदा एक नवीन फांदी फुटलीय. मास्तर म्हणतात, ही बुवांची दाढी.

आणि मग, पंधरा दिवसांनी, तुम्ही आलात. बुधवारी, बरोबर अकरा वाजता. हातात फाइल, 'फेरतपासणी' म्हणालात. पेटीच्या जागी स्टूल बघितलंत, खूण केलीत, 'प्राण्याची विल्हेवाट कशी लावली?' हा रकाना मालकांपुढे धरलात. लेक काहीतरी बोलणार होती. मालकांनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

'साहेब, दाढी वाढलीय तुमची,' ते म्हणाले. 'बसा.'

तुम्ही आरशात बघितलंत. हनुवटी चोळलीत. गरम टॉवेलांचा वास येत होता. बसलात.

मालकांनी आयुष्यात केलेल्या चांगल्या दाढ्यांपैकी ती एक होती. कुठे ओरखडा नाही, कल्ल्यांत केसभर फरक नाही. गळ्यावरून वस्तरा फिरला तेव्हा तुम्ही डोळे मिटले होतेत, आणि त्या हातावर तुमचा पूर्ण विश्वास होता. बरोबरच होता. मग टॉवेल, तुरटी, तळहातावर गुलाबाची चिमूट. मग त्यांनी वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवला आणि खण लावला. तुमची खुर्ची दाराकडे फिरवली, पाटीच्या समोर. त्यांच्या हातात तुमचीच नोटीस होती, घडी पडून पडून मऊ झालेली.

'रकाना भरतो मी, साहेब,' मालक म्हणाले. 'खरं तेच लिहीन. बायकोनं दिलेल्या टॉवेलात गुंडाळलं, दारापासून अकरा इंचांवर पुरलं, लेकीनं आणि मी. तुम्ही मारलंत त्यांना, असं म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, माझी लेक म्हणत होती. वस्तरा मी खणात ठेवलाय, घाबरू नका. आता सांगा. सोमवारी दुकान बंद असताना तुम्ही आत आलात कुठून?'